उदजन, जारक आणि लाल काठ

बी.एस्सी. झालो आणि घरात दोन तट पडले. मामा म्हणत, गिरणीत कारकुनाची जागा आहे, सोमवारपासून चिकटव पोराला. बाबा म्हणत, एम.एस्सी. करायचं. बाबा कोष्टी. लुगडी विणायची, सूतही घरीच रंगवायचं. पण बाजारात नवी रंगाची पुडी आल्यापासून त्यांच्या लुगड्याचा लाल काठ पहिल्याच धुण्यात पांढऱ्या अंगावर उतरत होता, आणि गिऱ्हाइकं ते आमच्या ओट्यावर आणून आपटत होती. "लाल काहून सुटते, तेवढं शिकून ये," एवढीच बाबांची एम.एस्सी.ची व्याख्या.

फीचं काय? तेवढ्यात नागपूरच्या सदर भागातल्या एका धर्मादाय निधीची जाहिरात दिसली: 'शास्त्राध्ययन करणाऱ्या होतकरू विद्यार्थ्यास साहाय्य.' बाबांच्या भाषेत वजिफा. देणाऱ्याच्या मनात न्याय, व्याकरण असली जुनी संस्कृत शास्त्रं असणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आपल्याला कळलं नाही, असं मी ठरवून टाकलं. अर्जात विषय लिहिला, रसायनशास्त्र. शेवटी शास्त्र होतंच की!

मुलाखतीला तीन म्हातारे बसले होते, मधले शास्त्रीबुवा. बाबा दाराशी उभे राहिले, रंगानं लाल झालेले हात उपरण्यात लपवून. त्यांना कोणी बस म्हटलं नाही.

"आपल्या शास्त्रातली काही पदे ऐकवा," शास्त्रीबुवा म्हणाले.

त्या वर्षांत आमच्या नागपुरात विज्ञानाचे संस्कृत शब्द पाडण्याचा उद्योग जोरात होता. हायड्रोजनला उदजन, ऑक्सिजनला जारक. कॉलेजात आम्ही पोरं त्या शब्दांवर पोट धरून हसत असू. त्या दिवशी मात्र तेच कामी आले. मी हात जोडले, डोळे मिटले आणि लावली रांग: "उदजन, जारक, भूयाति, प्रांगार..." शास्त्रीबुवांची मान डोलायला लागली. दुसरे म्हातारे जागे झाले.

मग नियम वाचून दाखवला गेला: विद्यार्थ्याने मद्यास स्पर्श करू नये. "प्रयोगशाळेत नित्य काय हाताळता?" तिसऱ्यांनी विचारलं. अल्कोहोल म्हणालो असतो तर सोमवारी गिरणी होतीच.

"सुषव," मी म्हणालो. अल्कोहोलचंच ते सोवळ्यातलं नाव.

"वा! काय पवित्र शब्द आहे!" शास्त्रीबुवा म्हणाले आणि त्यांनी अर्जावर सही केली.

बाहेर आलो तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. बाबा हात तसेच उपरण्यात धरून चालत होते.

"लाल काहून सुटते, ते इचारलं का गा त्यायनं?"

"नाही बाबा."

"इचारलं असतं, तं तुले सांगता आलं असतं?"

मी बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात पास झालो होतो. पण रंग सुताला का धरतो आणि का सोडतो, ते कुठल्याच पेपरात आलं नव्हतं. खोटं बोलायची त्या दिवसाची माझी ताकद सदरमध्येच संपली होती.

"नाही."

बाबा थांबले. उपरण्यातून हात काढून त्यांनी ते उलटसुलट पाहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. खरंच समजून घ्यायचं होतं त्यांना.

"मंग तुले वजिफा कायचा भेटला गा?"

आत बसलेल्या तिघांना हा प्रश्न सुचला नव्हता. मलाही नाही.