जखमी रेड्यामागं जायचं काम

माझ्या नवऱ्याचं नाव श्रीशैल. चारचौघांत मी नाव घेत न्हाय, पण आज घेते, कारण सांगायचं ते सगळं ह्यांचंच हाय. मूळचे मैंदर्गीचे. सोलापुरात आयटीआय केलं, डिझेल मेकॅनिक झाले, होटगी रोडच्या गॅरेजात गाड्यांखाली पाठ घासली. मग एका एजंटानं टांझानियाला धाडलं, जंगलातल्या एका कंपनीच्या जीपा दुरुस्त करायला. पुढं तितंच बढती झाली. "आता मी गाइड हाय. गोऱ्या पाहुण्यांना जनावरं दाखवतो," असं फोनवर सांगायचे. झालं! मी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं. आमच्या दारात दोन म्हशी हायत, दूध मीच घालते. माप ओतता ओतता सुदा सांगायची, आमचे हे गोऱ्यांना सिंह दाखवतात म्हणून.

माझी सासू चन्नम्मा. आमी लिंगायत, घरात कानडी, त्यामुळं मी त्यांना अत्ती म्हणते आणि हे अव्वा म्हणतात. मागच्या दिवाळीनंतर शेजारची अंकिता दूध न्यायला आली. कॉलेजात हाय पोरगी, सारखी फोनमध्ये. अत्ती तिला म्हणाल्या, "माझ्या लेकाची कंपनी दाखव की गं त्यात." अंकितानं नाव टाकलं आणि फोनवर एक फोटो शोधून दाखवला.

फोटोत भला मोठा काळा रेडा बसलेला. मागं टोपीवाली गोरी बाई हसतीय. आणि आमचे हे रेड्याच्या तोंडाशी उकिडवे, हातात फडकं. अत्तींनी चष्मा सारखा केला. "आजारी दिसतंय गं जनावर. औषध पाजतोय बघ माझा लेक. लहानपणापासनं हात चांगला त्याचा, म्हशी गप पितात त्याच्या हातनं."

अंकिता माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "काय झालं गं?" तर तिनं खाली लिहिलेलं हळूच वाचून दाखवलं. ती बाई शिकार करायला आली होती, रेडा तिनं मारला होता, आणि आमचे हे तिचे शिकारी गाइड.

अगं आई गं! आमच्यात अंडं उंबऱ्याच्या आत येत न्हाय, आणि माझा नवरा शिकारी! अत्तींनी फोन अंकिताच्या हातात दिला, गोठ्यात गेल्या आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. दुपारी जेवल्या न्हाईत. मी वाढलेलं ताट तसंच.

हंगाम संपला आणि जानेवारीत हे आले. मी दारातच धरलं. पाणी न्हाय, चहा न्हाय. "सांगा, काय काम करता?"

माणूस तवा खोटं बोलला न्हाय, एवढं मानते मी. समदं सांगितलं. जीप जंगलात बंद पडायची म्हणून ह्यांना शिकाऱ्यांबरोबर न्यायचे. तितल्या एका म्हाताऱ्या गाइडनं हेरलं, हा म्हशीत वाढलाय, जनावराचा कान हलला तरी ह्याला कळतंय. त्यानं शिकवलं, परीक्षा द्यायला लावली, लायसन मिळालं. पाहुणे पैसे भरून मारायला येतात. पाहुण्याला रानात न्यायचं, माग काढायचा, वाऱ्याच्या उलट्या बाजूनं जवळ पोचवायचं, आणि "आता" म्हणायचं. मेलं की जनावराची जीभ आत ढकलायची, तोंडाचं रक्त पुसायचं, शिंगं फोटोत नीट येतील असं डोकं उभं करायचं.

"म्हंजी ते फडकं…" अत्ती म्हणाल्या.

"आणि पाहुण्याचा नेम चुकला तर?" मी विचारलं.

"जनावर जखमी झालं तर सोडायचं न्हाय, असा नियम हाय. पाहुणा जीपमध्ये बसतो. मी मागावर जातो."

"एकटे?"

"माग काढणारा एक असतो म्होरं. दाट गवत असतंय. जखमी रेडा पळून जात न्हाय, दबा धरून थांबतो."

सिंह दाखवतात म्हणे! आणि माझी मी हितं बायकांत मिरवतीय!

अत्तींचं ध्यान मात्र ह्यांच्या गळ्याकडं. चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, म्हंजी आमचा शिवच, दीक्षेपासून अंगावर असतंय आमच्यात, झोपताना न्हाय, आजारात न्हाय, कदी म्हणून उतरायचं न्हाय. "हे घालून मारतोस व्हय रे?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी मान खाली घातली. "न्हाय अव्वा. शिकारीला जाताना काढतो. तंबूत खुंटीला ठेवून जातो."

शिवशिव! फोटो बघून म्हातारी जेवली नव्हती, पण हे ऐकून ती उठून ह्यांच्या म्होरंच उभी राहिली. "मारायला जातोस, मराय जातोस, आणि त्यालाच खुंटीला टांगून? त्यानं बघू ने म्हणून? हात ठेव ह्याच्यावर. शपथ घे. पुन्हा काढायचं न्हाय. मारायचं तर त्याच्यादेखत मार!"

आणि ह्या शहाण्यानं घेतली की शपथ!

दुसऱ्या दिवशी अंगणात मोटारसायकलचा प्लग साफ करत बसले होते, तवा मला म्हणाले, "दानेश्वरी, उगीच घेतली बघ मी शपथ. ते गळ्यात असलं की बंदुकीच्या चापावर माझं बोट थांबंल. रेडा अंगावर येताना डोळं मिटून उघडायला सुदा वेळ नसतोय. थांबलो की गेलो."

"मग जाऊ नका! गॅरेज काय कमी हायत सोलापुरात?"

"गॅरेजात मी कोण हाय गं? तितं पहाटं रानात चालतो, तर धा माणसं माझ्या पावलावर पाऊल टाकतात." आवडत होतं की त्यांना ते काम!

मी तडक अत्तींकडं गेले. सासूशी तोंड वर करून कदी बोलले न्हाय, त्या दिवशी बोलले. "अत्ती, शपथ मोडून द्या. तुमच्या शपथेपायी माझा नवरा मरंल. बोट थांबंल त्याचं."

"थांबलंच पायजे," अत्ती म्हणाल्या. "थांबलं म्हंजी त्याला कळंल. मग सोडंल."

"सोडायला जित्ता तर राहायला पायजे!"

त्यांनी तोंड फिरवलं. म्हातारी लई हट्टी. हे जूनमध्ये गेले. गळ्यात डबी तशीच. फोन वाजला की हातातलं काम टाकून पळायची. अंगारा लावून झाला, सोमवार धरून झाले, आणि रोज अत्तींच्या नावानं मनातल्या मनात शिव्या घालूनही झाल्या. मला फक्त एवढंच पायजे होतं, बोट थांबू ने आणि माणूस जित्ता परत यावा.

ऑगस्टात दुपारी फोन आला. मी वैरण टाकत होते. स्पीकर लावला, अत्ती शेजारीच.

"आधी सांगा, बरे हायसा का?"

"बरा हाय. खरचटलंसुदा न्हाय."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, देवा, पावलास रे बाबा!

"पाहुण्याची गोळी पोटात लागली होती," हे सांगायला लागले. "रेडा गवतात शिरला. मी मागं गेलो. अंगणाएवढ्या अंतरावरनं उठून आला सरळ अंगावर. मारला."

"गळ्यात होतं का?" अत्तींनी विचारलं.

"व्हय अव्वा. होतं."

"मग?"

मग ह्यांचा आवाज फुटला. "बोट थांबलंच न्हाय, अव्वा. मला आठवणसुदा झाली न्हाय ते गळ्यात हाय म्हणून. मारला, जीभ आत ढकलली, तोंड पुसलं, पाहुण्याचा फोटो काढला. तळावर येऊन पोटभर वरणभात जेवलो. हात धुताना डबी हाताला लागली, तवा आठवलं. मी लई भिलोय गं अव्वा. मी काय झालोय? मी येतो परत. ह्या हंगामाचं राहू दे, येऊ का मी?"

अत्ती मटकन वैरणीवर बसल्या. पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "ये म्हण की त्याला. माझा लेक हाय तो."

माझ्या हातात फोन. महिनोन् महिने जे मागत होते ते समदं मिळालं होतं मला. तिकडनं हे "दानेश्वरी, हायस का?" म्हणून विचारत होते, आणि ज्याचं बोट थांबू ने म्हणून मी सोमवार धरले, त्या माणसाला 'या' म्हणायची मलाच भीती वाटत होती.