मामांच्या फेट्याची फेरमोजणी

सणसवाडीत माझ्या सख्ख्या मामांनी आठ खोल्यांची चाळ बांधली आणि ती सहा महिने रिकामी राहिली. आजूबाजूला कंपन्याच कंपन्या, खोली शोधत फिरणाऱ्यांची ही गर्दी, आणि मामांच्या चाळीत मुक्कामाला फक्त पारवे. त्या पारव्यांचा संसार इतका वाढला, की त्यांच्या नातवंडांना जागा पुरेना. शेवटी मामींनी निकाल दिला, "दिवाळीपत्तुर माणसं आली न्हाईत, तर मी तिथं म्हशी बांधनार." मामी बोलल्या की करतात. त्यांनी नवी दावीसुद्धा आणून ठेवली.

तेव्हा शिरूरला स्टँडजवळ माझा नेट कॅफे होता. मी मामांना सांगितलं, बाहेरगावची पोरं नोकरीची ऑर्डर हातात पडली की आधी इंटरनेटवर खोली शोधतात. आपण वेबसाइट काढू. मामा लगेच फेटा बांधून फोटो काढून आले.

"ह्यो लावायचा. मालक कोन हाय ते दिसाय नको?"

"मामा, पोरांना मालक नको, खोली पाहिजे. पाणी चोवीस तास, कंपनीची बस दोन मिनिटांवर, असं लिहू."

यावर आम्ही दोन दिवस भांडलो. मग मी दोन पानं केली, एक फेट्याचं, एक पाण्याचं. साइट उघडली की नाणं उडवल्यासारखं दोन्हींतलं कुठलंही एक दिसणार. मागं अॅनालिटिक्सचा कोड बसवला. कोण कुठून आलं, किती वेळ थांबलं, 'खोली पाहायची आहे' हे बटण कुठल्या पानावर दाबलं, सगळं त्यात कळणार. मामांना एवढंच म्हटलं, "आठ दिवसांत ज्या पानावर बटणं जास्त, ते पान जिंकलं."

इथं माझी चूक झाली. मामांचं सगळं आयुष्य विकास सोसायटीच्या निवडणुकांत गेलेलं.

पाचव्या दिवशी कॅफे उघडायला गेलो तर दारात ही रांग, पार रसवंतीपर्यंत! दोन जीप सणसवाडीच्या, एक दौंडहून मामींच्या माहेरची. कडक इस्त्रीतले मामा चहा-भजी वाटत उभे. एकेकाला आत सोडत होते.

"आक्का, फेट्याखालचं बटान दाबायचं बरं का. पान्याचं पान आलं तर त्यो आपला न्हाई, साइट पुन्यांदा उघडून घ्यायची."

मी ओरडून ओरडून घसा बसवला. ऐकतंय कोण? एका आत्याबाईंनी बटण दाबलं आणि डाव्या हाताचं बोट माझ्यापुढं धरलं.

"शाई लाव की रं!"

"आत्या, इथं शाई नसते."

"मंग म्या पुन्यांदा दाबते."

आणि दाबलंही.

संध्याकाळी रिपोर्ट उघडला. फेट्यावर तीनशेच्या वर बटणं. मामांनी गुलालाला माणूस पिटाळलाही होता.

"थांबा मामा. ही सगळी एकाच जागेवरून पडलीत. माझ्याच कॅफेतून."

"मंग? मतदार आपल्याच गावात असत्यात."

मी कॅफेचं कनेक्शन वगळून आकडे पुन्हा काढले. पाण्याच्या पानावर नऊ बटणं. कानपूर, नागपूर, पाटणा. फेट्यावर भोपळा.

मामांनी पडद्यावर बोट ठेवून ती नऊ बटणं स्वतः पुन्हा मोजली. त्यांनी चहाही तसाच ठेवला. मला वाटलं, आता हे रुसून साइटच बंद करणार; मग मामी, म्हशी आणि मी.

"त्या पान्याच्या पानावर फोन नंबर कुनाचा हाय?"

"तुमचाच की."

"मंग निवडून कोन आलं?"

एवढं बोलून त्यांनी थंड चहा एका घोटात संपवला आणि फेट्याचं पान स्वतःच्या तोंडानं काढायला सांगितलं. त्यानंतर फोन सुरू झाले. "अंकल, पानी सच में चौबीस घंटे?" मामांचं हिंदी ऐकून जी आणखी दोघं आली असती, ती पळाली असावीत, तरीही दिवाळीच्या आत आठही खोल्या भरल्या. पारव्यांना स्थलांतर करावं लागलं. मामींच्या नव्या दाव्यांवर भाडेकऱ्यांचे कंपनीचे गणवेश वाळू लागले.

मामा मात्र सोसायटीच्या ओट्यावर बसून आजही सांगतात, "तीनशे मतांनी आलो होतो. ह्या भाच्यानं फेरमोजनीत पाडलं."