ऑक्टोबर छाटणी

गॅरेजमध्ये छाटणीची कात्री हाती लागली की गंजाच्या वासाबरोबर तो ऑक्टोबर आठवतो. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना, ते विचारोत न विचारोत, आयुष्यभर सल्ले देऊन निवृत्त झालेले बाबा तेव्हा आमच्याकडे ऑकलंडला आले होते. पेनरोजच्या गोदामातली पाळी संपवून मी घरी आलो, तर ते टोपी घालून, उद्घाटनाच्या थाटात माझ्या डॉगवूडच्या फुलझाडापाशी उभे. लावल्यापासून सहा वर्षांनी त्याने पहिल्यांदाच कळ्या धरल्या होत्या. त्या आता फांद्यांसकट गवतावर पडल्या होत्या. "ऑक्टोबर छाटणी वेळेवर झालेली बरी. तू नुसतं वाढू दिलं होतंस," ते म्हणाले. ऑक्टोबर छाटणी नाशिकच्या द्राक्षांची, इथे ऑक्टोबरात वसंत असतो, हे सांगण्याचं त्राण माझ्यात नव्हतं, आणि चार महिने सोफ्यावर बसून कंटाळलेले बाबा त्या दिवशी प्रथमच घामाघूम झाले होते. "छान केलंत, बाबा," मी म्हणालो आणि कळ्या कचऱ्याच्या डब्यात भरल्या. आता दर ऑक्टोबरात ते नाशिकहून फोनवर विचारतात, "छाटणी केलीस ना?" मी हो म्हणतो. खिडकीबाहेर झाड पांढरंशुभ्र फुललेलं असतं, त्याचा फोटो तेवढा त्यांना पाठवता येत नाही.