मिरच्यांखालची कादंबरी

"आई! अगं, या मिरच्यांखाली माझी कादंबरी आहे!"

हडपसरच्या आमच्या गच्चीवरून मी असा ओरडलो, की पार मांजरी गावच्या उसातले कोल्हे पळाले असतील.

आज शेजाऱ्यांनी मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्या आणि त्या वासासरशी ती दुपार पुन्हा नाकात शिरली. बाबांच्या कंपनीतल्या पाठकोऱ्या कागदांवर मी पहिली कादंबरी लिहिली होती. प्रत एकच, आणि ती दुसऱ्या दिवशी प्रकाशकांना द्यायची होती. आईने रद्दी समजून तीच मिरच्यांखाली अंथरली. त्यात वारा असा सुटला, की नायिका पाण्याच्या टाकीवर आणि खलनायक शेजारच्या काकूंच्या तुळशीत! शिंकत शिंकत आम्ही मायलेकांनी पान न् पान गोळा केलं. शेवटचं पान हाती लागलं, तेव्हा मी तापलेल्या गच्चीवरच आडवा झालो. त्या दिवशी जग बुडालं असं वाटलं होतं. आता त्याच वासाने हसू फुटतं.

पुढे प्रकाशकांचा होकार आला, तसा मी धावत स्वयंपाकघरात गेलो. "आई, ते म्हणाले, वाचताना डोळ्यांतलं पाणी थांबेना!"

आई भाजी परतत म्हणाली, "मिरची संकेश्वरी होती."