हजाराच्या खाली

बायनाबाईला वाचता येत नव्हतं, पण आकडे मात्र पक्के येत. जुन्या जालन्यात, मस्तगडाच्या बाजूला, एका आडत दुकानात ती पंधरा वर्षं तूर-मूग निवडायला जात होती. मुनीमाने पोत्यावर खडूने टाकलेलं वजन ती लांबूनच वाचायची आणि चुकलं असेल तर सगळ्यांदेखत ओरडायची. मुनीम म्हणायचा, "हिला शाळेत घातलं असतं तर माझी नोकरी गेली असती." त्यावर ती म्हणायची, "अजून बी जाईल. नीट लिवा."

अशा बाईच्या हातात २००३ साली एटीएमचं कार्ड आलं. तिचा एकुलता एक मुलगा देवानंद ठेकेदारामार्फत चाकणच्या एका कारखान्यात लागला होता. जाण्याआधी त्याने आईला कुंडलिका नदीच्या पलीकडे, नवीन जालन्यातल्या एका बँकेत नेलं आणि दोघांच्या नावावर एकच खातं उघडलं. कार्डं मात्र दोन मिळाली, एक त्याचं, एक तिचं. "माय, मी तिकडून टाकीन, तू इकडं काढ. मनिऑर्डरवाल्या पोस्टमनला चहा पाजायचं काम न्हाई," तो म्हणाला. कार्डाचा गुप्त नंबर आईच्या लक्षात राहावा म्हणून त्याने त्या दिवशीचा तुरीचा भावच टाकला. अख्ख्या मोंढ्याला, म्हणजे धान्यबाजाराला, तो भाव ठाऊक होता, आणि तोच बायनाबाईचा नंबर आहे हे एकालाही माहीत नव्हतं. या गोष्टीचं तिला कित्येक दिवस हसू येत होतं.

दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. महिन्याच्या दहा तारखेच्या आत सातशे रुपये यायचेच. बायनाबाई पूल ओलांडून जायची, मशीनच्या काचेच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या तातेराव वॉचमनला हाक मारायची, आणि तो तिला बटणं दाखवायचा. नंबर दाबायची वेळ आली की तातेराव रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा आणि "मी बघून न्हाई राह्यलो, मावशी" असं चार माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचा.

मग दिवाळीला देवानंद घरी आला आणि होत्याचं नव्हतं झालं. तिच्या नवऱ्याने, धुळाजीने, आपल्या बहिणीला शब्द दिला होता की तुझी पोरगी माझी सून. देवानंद म्हणाला, "मला करायची न्हाई." बियाण्याच्या गोदामावर हमाली करणारा धुळाजी, त्याचा हात कसा असेल ते सांगायला नको. भावकीसमोर त्याने पोराच्या थोबाडीत ठेवून दिली आणि वर म्हणाला, "पुन्हा या दारात पाय ठेवलास तर माझं मढं बघशील." देवानंद पहाटे पिशवी उचलून गेला. नंतर दोनदा पैसे आले. फेब्रुवारीपासून तेही बंद झाले. त्याच्या खोलीजवळच्या एसटीडीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, ती खोली कधीच खाली झाली. घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. नाव निघालं की धुळाजी भाकरीवरून उठायचा.

बायनाबाई तरी दर महिन्याला मशीनपाशी जात राहिली. एक दिवस तातेराव म्हणाला, "मावशी, खात्यात हजाराच्या खाली आलं की महिन्याला पन्नास कापतेत. कापता कापता संपलं की खातंच बंद."

खातं बंद म्हटल्यावर तिला घोर लागला. ते पन्नास रुपयांसाठी नव्हे. देवानंद रागावला होता, पण कधीतरी राग उतरेल, कधीतरी शंभर-दोनशे टाकावेसे वाटतील, तेव्हा तो टाकणार ते याच खात्यात. आणि खातंच बंद पडलेलं असलं तर? पोराकडून घराकडे येणारी तेवढी एकच वाट उरली होती, आणि ती बुजू द्यायची नाही एवढं तिने ठरवलं.

मग तिने हजाराचा वसा घेतला म्हणा ना. रोज पंचेचाळीस रुपये मजुरी, त्यातून आठवड्याला पन्नास काढून बँकेत भरायचे. रिक्षा सोडली, दुपारचा चहा सोडला, तपकीर सोडवेना ती निम्मी केली. तातेराव तिची भरण्याची चिठ्ठी लिहून द्यायचा आणि कापाकापी कशी चुकवायची याचे धडे द्यायचा. त्यात एक दिवस निघालं की मस्तगडाजवळचं मशीन दुसऱ्या बँकेचं आहे आणि तिथे नुसती शिल्लक बघितली तरी आठ रुपये जातात. बायनाबाईने जवळ पडतं म्हणून तिथे चारदा बघितलं होतं.

"नुसतं बघायचे पैसे?"

"ठेवायचे बी घेतेत, बघायचे बी घेतेत."

"मंग हे तान्ह्या लेकरासारखं झालं की. तोंड बघायचं तर हातावर पैसे ठेवा."

त्यानंतर तिने मस्तगडाच्या मशीनकडे मान वळवूनही बघितलं नाही.

मे महिन्यात खात्यात हजार झाले. जूनमध्ये बघितलं तर साडेआठशे. "दीडशे कसे काय?" तिने विचारलं. तातेराव बँकेचा पगार खायचा, पण बँकेवर त्याचा भारी दात होता. कितीही कापले म्हटलं तरी त्याला ते पटायचं. "पन्नास तर बराबर हायेत. बाकी सर्विस चार्ज, कार्डाचा चार्ज, असलं कायतरी लावतेत. बडे लोक, आपन काय बोलनार?" जुलैत तिने दीडशे भरून पुन्हा हजार केले, पुन्हा साडेआठशे झाले. ऑगस्टमध्ये तेच. चाळणीत पाणी ओतल्यातली गत. साडेचारशे रुपये गेले, म्हणजे दहा दिवसांची निवडण फुकट. सप्टेंबरात ती पदर खोचून थेट काऊंटरवर भांडायला गेली.

"माझे दीडशे कोन खातंय ते दाखवा," ती म्हणाली. आवाज असा लागला की रांग गप्प झाली.

काऊंटरवरची मॅडम पंचविशीची पोर होती. तिने कागद छापून काढला, बोट ठेवून एकेक ओळ वाचली. "मावशी, आमचे पन्नासच आहेत. शंभर काढलेत. दर महिन्याला दोन-तीन तारखेला. ते शंभर गेले की तुमचं खातं हजाराच्या खाली येतं, म्हणून वर पन्नास बसतात."

"कोनी काढले? कार्ड तर माझ्या कमरेला हाय."

"दुसऱ्या कार्डावर काढलेत. देवानंद धुळाजी. चाकणच्या मशीनमधून."

बायनाबाईने काऊंटरची कड धरली. "म्हंजे हाय," ती म्हणाली. मॅडमला काही कळलं नाही. सात महिने पोराचा ना शब्द ना निरोप, तो जिवंत आहे की नाही हेसुद्धा ती रात्री मनाला विचारायची नाही, आणि हा इथे दर महिन्याला येऊन जात होता. तिच्याच हजारातून.

"शंभरच? दोनशे एकदा बी न्हाई?"

"शंभरच. त्याच्यापेक्षा कमी मशीनमधून निघत नाहीत."

तेव्हा मात्र तिला रडू आवरलं नाही. सातशे धाडणारा पोरगा आता आईच्या घामातले शंभर उचलत होता, आणि उचलतानाही सगळ्यांत कमी. त्याचं काम सुटलं असणार. तो उपाशी राहून राहून, लाजून लाजून मशीनपाशी जात असणार. आणि ती इकडे बँकेला शिव्या घालत बसली होती. रांगेतल्या लोकांसमोर ती पदराने डोळे पुसत राहिली, लाज तिला वाटली नाही.

मॅडम समजूतदार होती. हळूच म्हणाली, "त्यांचं कार्ड बंद करायचं का? या फॉर्मवर अंगठा द्या. मग तुमचे पैसे जाणार नाहीत आणि चार्जही बसणार नाही."

"न्हाई न्हाई, बिलकुल न्हाई." बायनाबाईने अंगठा मुठीत घेतला. मग जरा पुढे वाकून म्हणाली, "बाई, पैशासंगं एखादा निरोप जातो का? त्यानं पैसे काढले की मशीनीतून त्याला चिठ्ठी निघावी, असं कायी?"

"नाही हो मावशी. नुसते पैसे निघतात."

"एवढंच सांगायचं व्हतं, बापाचा राग उतरला म्हून."

"उतरलाय का?"

"न्हाई. पन म्हनायला काय जातंय?"

त्या दिवसापासून तिचा हिशेब पालटला. खात्यात बाराशे ठेवायचे. म्हणजे त्याने शंभर काढले तरी हजाराच्या खाली येणार नाही आणि पन्नास वाचतील. आधी ते पन्नास तिच्या घामाचे होते, आता ते पोराच्या तोंडातले होते, त्यामुळे ती जास्तच चिकटीने मागे लागली. हमालांच्या सुट्टीच्या दिवशीही बायका लागत, तेव्हा ती जायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही. तातेरावला तर नाहीच. त्याच्या कानात पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मोंढ्यात पोचायची, आणि धुळाजीने ऐकलं असतं तर कार्ड चुलीत गेलं असतं.

ऑक्टोबरात तातेराव म्हणाला, "अकराशे हायेत. शंभर कापले बघा लुटारूंनी." ती हसू दाबत आत मॅडमकडे गेली. मॅडमने बघून सांगितलं, या वेळी भिवंडीच्या मशीनमधून. विसरू नये म्हणून बायनाबाई पुलावरून "भिवंडी, भिवंडी" म्हणतच घरी आली. दुसऱ्या दिवशी दुकानात माल घेऊन आलेल्या ट्रकवाल्याला तिने विचारलं. तो म्हणाला, "मुंबईच्या अलीकडं. गोदामंच गोदामं हायेत तिथं."

"एखाद्या मानसाला हुडकायचं म्हनलं तर?"

ट्रकवाला हसला. "मावशी, तिथं लाखानं मानसं. पोत्यातून एक दाना हुडकायचा का?"

पोत्यातून एक खडा हुडकायची तिला पंधरा वर्षांची सवय होती. गोदामं आहेत म्हणजे काम असेल, एवढं तिने धरून ठेवलं. त्या रात्री धुळाजीला तिने मनासारखा गोड चहा दिला. तो म्हणाला, "आज कायचा सण हाय?" ती म्हणाली, "गूळ स्वस्त झालाय." दिवाळी आठवड्यावर आली होती. तिने खात्यात आणखी दोनशे भरले, या वेळी त्याला दोनदा काढता यावेत म्हणून. तेराशे झाले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली तर तेराशे. दुसऱ्या आठवड्यात पण तेराशे. काम लागलं असेल, तिने स्वतःला सांगितलं. बापाचं रक्त आहे, हातात चार पैसे आले की दुसऱ्याचं घेणार नाही. शेवटच्या आठवड्यात ती मॅडमकडे गेली. "दुसरीकडं कुठं काढले का? सुरत, नाशिक, कुठं बी?" मॅडमने बघितलं आणि मान हलवली. "मावशी, काढले तरच आम्हाला कळतं ते कुठे आहेत. नाही काढले तर बँकेला काहीच कळत नाही."

डिसेंबरच्या पाच तारखेला सकाळी सकाळी ती पुन्हा पूल ओलांडून आली. पगाराचे दिवस, मशीनसमोर पंधरा-वीस माणसं उभी होती. तातेरावने तिला मावशी म्हणून पुढे घेतलं, रस्त्याकडे तोंड केलं, तिने तुरीचा भाव दाबला, आणि कागद बाहेर आला. तातेरावने तो उजेडात धरला आणि त्याचा चेहरा फुलला.

"तेराशे! पुरे तेराशे! दोन महिने झाले, एक रुपया कापता आला न्हाई त्यांना." तो रांगेकडे वळला. "बघा, शिकलेल्यांनो. हिला सही येत न्हाई, पन बँकेला हरवलं हिनं. तुम्ही बसा चार्ज भरत."

माणसं कौतुकाने बघू लागली. एका मास्तरने तर विचारलं, "बाई, जमवलं कसं तुम्ही? आम्हाला बी सांगा." कागदावरचा आकडा बायनाबाईला वाचून दाखवायची गरज नव्हती. एक, तीन आणि दोन शून्यं. तो आकडा हलू नये म्हणून ती कित्येक महिने झिजली होती. आता तो हलावा म्हणून तिने काहीही दिलं असतं.

"शंभर बी कमी न्हाई?" तिने विचारलं.

"शंभर काय, पै कमी न्हाई. पेढे द्या आता."

मागून लोक घाई करू लागले होते. बायनाबाई दारातून हलली नाही. तिने कार्ड पुन्हा तातेरावपुढे केलं.

"भाऊ, अजून एकदा बघा."