सख्ख्या बहिणीचंही जुळलं नाही

मंडळी, कुणाशी तरी बोलायचं होतं, म्हणून इथं लिहितेय. मी कोल्हापुरात एका लॅबमध्ये डीएनए तपासणीचं काम करते.

कसबा बावड्याच्या एका लहान मुलाला थॅलेसेमिया आहे. त्याला सारखं रक्त चढवावं लागतं. मोठ्या बहिणीचा बोन मॅरो जुळला, तर तो बरा होईल अशी आशा होती.

काल दोघांचे नमुने जेलमध्ये, म्हणजे जेलीसारख्या पातळ थरात, लावले. त्यात वीज सोडली की डीएनएचे लहान-मोठे तुकडे वेगळे होतात आणि त्यांच्या पट्ट्या दिसतात. भावंडांच्या पट्ट्या वेगवेगळ्या आल्या. माझीच चूक असू दे, असं मनात म्हणत आज सकाळी सगळं पुन्हा केलं. निकाल तोच आला.

दुपारी त्यांची आई मुलीला घेऊन आली. माझा चेहरा बघूनच म्हणाली, "न्हाय जुळलं न्हवं?"

मी मान हलवली.

"एका पोटची हाईत की वो दोघं! मग कसं न्हाय जुळत?"

"सख्ख्या भावंडांचंही जुळतंच असं नाही, ताई."

"मग आता कुणाचं बघायचं?"

तिसरं भावंड नाही. बाहेरचा दाता मिळेल, असं खात्रीनं सांगायला माझी जीभ रेटेना. डॉक्टरांना भेटा, एवढंच म्हणाले.

निघताना मुलगी हळूच माझ्याजवळ आली. "मॅडम, मी त्येच्यासंगं लई भांडते. म्हणून न्हाय जुळलं काय?"

"नाही गं बाळा, त्याचा काही संबंध नाही," मी म्हणाले. तिला ते पटलं नाही. रडतच गेली.

तुम्ही असता, तर तिला काय सांगितलं असतं?