वाढदिवसाचा फोटो

बोदवडला स्टेशनकडून गावात येताना डाव्या हाताला समाधानभाऊचं दुकान लागतं. तो माझा मावसभाऊ. फ्लेक्स बनवतो. कोणाचा वाढदिवस असो, कोणी पोलीस भरतीत लागो, बारसं असो की दशक्रिया, गावातला प्रत्येक चेहरा आधी समाधानभाऊच्या कॉम्प्युटरवर येतो आणि मग चौकात लागतो. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, जळगावला एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला आहे. सुटी मिळाली की तिथल्या मेहरूण भागातल्या खोलीला कुलूप घालून मी बोदवडला येतो, कारण भाऊच्या प्रिंटरचं हेड सारखं चोक होतं आणि ते मीच, म्हणजे तेजसनेच, साफ करायचं असं घरात ठरलेलं आहे. त्यामुळे हे जे घडलं, त्यातलं बरंचसं मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून पाहिलंय.

वाढदिवसाचा फोटो आणि श्रद्धांजलीचा फोटो भाऊ एकसारखा करत नाही. वाढदिवसाचा असला की तो चेहरा उजळवतो, डोळ्यांत बारीक पांढरा ठिपका टाकतो, ओठांचे कोपरे माऊसने जरासे वर ओढतो. श्रद्धांजलीचा असला की सगळं उलट. रंग उतरवतो, हसू असेल तर कमी करतो. "गेलेला माणूस चौकात दात काढून हसत राह्यला तं घरच्यांना तिथून जाता येत नाही," असं त्याचं म्हणणं. हे काम करताना तो स्वतःही गप्प होतो. रेडिओ बंद करतो.

गावातल्या हायस्कुलात त्याच्या बाकावर आकाश बसायचा. भीमनगरातला, उंच, कबड्डीत कोणाच्या हाती न लागणारा आणि तोंडाने त्याहून निसटता. दहावीला भाऊ गणितात गेला, आकाश पास झाला. पुढे आकाशने आयटीआय केलं, वरणगावच्या फॅक्टरीत फिटर म्हणून लागला आणि तिकडेच राहायला गेला. भाऊने नुकतंच दुकान टाकलं होतं. दुकानातून निघालेला पहिला बोर्ड आकाशच्या नोकरीच्या अभिनंदनाचा. तो बोर्ड बघायला आकाशची आई द्रौपदाबाई शेतातून मजुरीवरून तशीच चौकात आली होती आणि बोर्डाखाली उभी राहून म्हणाली होती, "इतका गोरा कधी झाला रे हा?"

त्यांच्या वर्गातला पहिला मृत्यू पितांबरचा. हायवेवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. भाऊने संध्याकाळच्या आत बोर्ड करून चौकात लावला. कोणी सांगितलं नव्हतं. मग पुनम गेली, पहिल्या बाळंतपणात. ती धुळ्याला दिली होती. भाऊने बोर्ड छापला, गुंडाळी करून एसटीत टाकला आणि सरळ तिच्या सासरी जाऊन उभा राहिला. तिचा सासरा ओट्यावर बसला होता. त्याने अहिराणीत विचारलं.

"तू कोन शे रे भाऊ?"

"मी तिच्या वर्गात होतो. बोदवडहून आलो."

"वर्गमा? मंग तुनं आठे काय काम? बोर्ड लावाले आमना घरमा बठ्ठा शेतस."

बोर्ड लावायला घरात सगळे आहेत म्हटल्यावर भाऊ गुंडाळी घेऊन परत आला. धुळ्याच्या स्टँडवरून त्याने फक्त आकाशला फोन केला. दुसऱ्या दिवशी आकाश रजा टाकून बोदवडला आला आणि दोघांनी तो बोर्ड शाळेच्या फाटकाजवळच्या कडुलिंबाला बांधला. भाऊ शिडीवर, आकाश खाली शिडी धरून.

"समाध्या, मी मेलो तं माह्या बोर्डाची शिडी कोन धरीन बे?"

"तू कुठी मरतो! तुले नेऊन यमदूत काय करतीन?"

तिथून ती चेष्टा सुरू झाली. कोणाच्या लग्नात भाऊने मोबाइल वर धरला की आकाश ओरडायचा, "फोटो काढू देऊ नका रे! हा साठा करून ठेवतो!" सगळा वर्ग हसायचा. कोणी त्याला यमाचा पेंटर म्हणायचं, कोणी नुसतं खोकलं तरी दुसरा म्हणायचा, "समाधानले साइज सांगून ठेव." बाकीच्यांनी म्हटलं की भाऊचा चेहरा पडायचा. आकाशने म्हटलं की तो स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसायचा. मला वाटतं, आकाशच्या तोंडून ऐकलं की त्या कामातलं मरण निघून जायचं त्याच्यासाठी.

गेल्या वर्षी हिवाळ्यात जीवरामचा फोन आला. जीवराम त्यांच्याच वर्गातला. खताचं दुकान चालवतो आणि वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुपही चालवतो. मी तेव्हा प्रिंटर उघडून बसलो होतो. भाऊने फोन स्पीकरवर ठेवला होता.

"आकाशचा वाढदिवस येऊन राह्यला. मोठा बोर्ड लावू, वरणगावले, त्याच्या कॉलनीतच. फोटो पाठवतो तुले. मस्त कर. पण त्याले सांगू नको हां, सरप्राइज शे."

"शे म्हने! धुळ्याचा जावई झाला तसा लय शे शे करतो," भाऊ म्हणाला. "पाठव, पाठव. राजेश खन्ना करून टाकतो त्याचा."

फोटो दोनतीन वर्षांपूर्वीचा असावा. कोणाच्या तरी साखरपुड्यातला, मागे मंडपाचे पडदे, खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात. भाऊने तो हात इतका सफाईने काढला की खांदा नव्याने शिवल्यासारखा झाला. मग कॉलर सरळ केली. मग डोळे. इतका वेळ त्याने एका फोटोवर घालवलेला मी कधी पाहिला नव्हता. अधूनमधून मला विचारायचा, "दाढी ठेवू का काढू?" आणि मी काही बोलायच्या आत म्हणायचा, "ठेवतो. दाढीत हरामी दिसतो." फोटो झाल्यावर त्याला राहवलं नाही. सरप्राइज न फोडता नुसतं बोलावं म्हणून त्याने आकाशला फोन लावला. उचलला नाही. थोड्या वेळाने मेसेज आला, "ड्युटीवर आहे. नंतर करतो." भाऊने तो मेसेज मला दाखवला आणि म्हणाला, "ड्युटी म्हणे. साहेब झाला आता."

फाइल जीवरामला गेली. छापायचं कधी, असं भाऊने विचारलं तर जीवराम म्हणाला, सांगतो. सांगितलं नाही.

वाढदिवस यायच्या आतच एका सकाळी मी जळगावहून येऊन दुकानात पाय ठेवला तर भाऊ मोबाइल हातात धरून उभा होता, शटर अर्धंच उघडलेलं. ग्रुपवर आकाश गेल्याची बातमी होती. आतड्याचा कॅन्सर. जळगावच्या दवाखान्यात होता, शेवटी घरी आणला होता. बातमीखाली बोर्डाचा फोटो. बोर्ड भुसावळला छापलेला, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आणि मधे तोच चेहरा. शिवलेला खांदा, सरळ कॉलर, डोळ्यांतले पांढरे ठिपके, वर ओढलेले ओठांचे कोपरे.

"तेजस," भाऊ म्हणाला, "हा माझा फोटो आहे."

आम्ही मोटारसायकलवर वरणगावला पोहोचलो तेव्हा अंत्ययात्रा निघत होती. वर्गातले सगळे होते. कोणी पुण्याहून आलं होतं, कोणी नाशिकहून, म्हणजे त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. भाऊ आला तसं त्यांचं बोलणं थांबलं. खांदा द्यायला त्याला कोणी अडवलं नाही, कोणी बोलावलंही नाही. तो दिला त्याने. परत येताना एक जण हळूच म्हणाला, "आम्ही जाऊन यायचो रे दवाखान्यात. तुले वाटलं असीन..."

दोन दिवस भाऊने दुकान उघडलं नाही. मग तो जीवरामच्या दुकानात गेला. मी बरोबर होतो. भांडण झालं तर आवरायला म्हणून मावशीने पाठवलं होतं.

"किती दिवसांपासून माहीत होतं तुले?"

जीवरामने गल्ल्यावरच्या पोऱ्याला चहा सांगितला. भाऊ म्हणाला, "चहा नको. सांग."

"दिवाळीपासून," जीवराम म्हणाला. "पण समाधान, आमचं काय चुकलं सांग. तुले सांगायचं नाही, असं त्यानंच सांगतलं व्हतं."

"खोटं बोलतो."

"माह्या पोरीची शपथ."

"पोरीले मधी आणू नको. वाढदिवस सांगतला तवाही असाच गोड बोलत व्हता तू. त्याले काय माहीत तुम्ही माह्याजवळून कशाचा फोटो करून घेतला ते! तो जिता असताना त्याचा बोर्ड करून ठेवला तुम्ही. माह्या हातानं!"

जीवराम खताच्या गोण्यांकडे वळला. "आकाशच्या घरी वहिनीले विचार," एवढंच म्हणाला.

भाऊने विचारलं नाही. मला कारण माहीत होतं. जोपर्यंत विचारलं नाही तोपर्यंत जीवराम खोटारडा होता आणि आकाश आकाश होता. महिन्यामागून महिने तसे गेले. ग्रुप त्याने सोडला. ज्यांच्याशी बालपणापासूनचं येणंजाणं, ते वर्गमित्र रस्त्यात दिसले की तो मोबाइल कानाला लावायचा. माझ्याशी बोलताना मात्र जीवरामचा विषय निघाला की बोट नाचवून सांगायचा, "आकाशले जर कळलं असतं ना, या जीवऱ्याले त्यानं उभा फाडला असता." गेलेल्या माणसाच्या बाजूने तो रोज भांडत होता.

मग यंदा संघमित्रावहिनींचा फोन आला. आकाशची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. "भाऊ, पहिला स्मृतिदिन आहे. बोर्ड तुमच्या हातचा व्हावा असं वाटतं. एकदा घरी या."

भाऊने इस्त्रीचा शर्ट घातला. गाडीवर मागे बसून मी त्याची पाठ बघत होतो. मला कळत होतं की हा माणूस बोर्डाच्या कामाला चाललेला नाही. जीवराम खोटं बोलला, एवढं एक वाक्य ऐकायला चाललाय.

घरात समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि बाजूच्या भिंतीवर आकाशचा तो फोटो, फ्रेम करून. द्रौपदाबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी भाऊचा हात धरला आणि सोडलाच नाही. वहिनींनी पाणी दिलं. भाऊने ग्लास खाली ठेवला आणि उभ्याउभ्याच विचारलं.

"वहिनी, मला सांगू नका असं आकाश म्हटला होता?"

मला वाटलं, त्या नाही म्हणतील. खोटं बोलायला अगदी सोपी जागा होती ती. त्या भाऊच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"हो. त्यांनीच सांगितलं होतं."

"का?"

"म्हणाले, बाकी कोणी आलं की वाटतं मी बरा होईन. समाधान दारात दिसला की मला माझा बोर्ड दिसेल." मग सगळंच सांगून टाकायचं ठरवल्यासारख्या बोलल्या. "फोटो मात्र त्याच्याकडूनच करून घ्या म्हणाले. आणि वाढदिवसाचा म्हणून सांगा. श्रद्धांजलीचा म्हटलं की तो माझं हसू काढून घेईल, मला हसता पाहिजे. त्या साखरपुड्यातला फोटो त्यांनीच निवडला होता. झाल्यावर मी त्यांना मोबाइलवर दाखवला. खूप वेळ बघत होते."

"मी फोन केला होता तेव्हा?"

"शेजारीच ठेवला होता फोन. मला म्हणाले, ड्युटीवर आहे असं लिही."

भाऊने भिंतीकडे पाहिलं. "म्हणजे मी नको होतो. माझं काम पाहिजे होतं."

द्रौपदाबाई त्याचा हात थोपटत म्हणाल्या, "राग धरू नको रे बाबा. गेला बिचारा."

"गेला म्हणून तं राग धरता येत नाही ना, आई, नीट! जिता असता तं दोन ठेवून दिल्या असत्या. त्यानं शिव्या दिल्या असत्या. मिटलं असतं." त्याने फोटोकडे बोट केलं. "मले शिडीवर चढवून खाली हा हसत व्हता, तं मले वाटे आपण दोघं मिळून हसतो. हा भिऊन राह्यला व्हता मले. इतकी वर्षं!"

बाहेर कोणाची तरी स्कूटी थांबली, कोणीतरी वहिनींना हाक मारली, त्या उठल्या नाहीत.

"तुम्हाला तो फोटो बघवत नसेल तर काढते मी," त्या म्हणाल्या.

"घर तुमचं आहे." भाऊने द्रौपदाबाईंच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, हळूच. "वहिनी, बोर्ड मी करणार नाही. दुसरीकडून करून घ्या. फाइल जीवरामकडे आहे."

परत येताना वाटेत फाट्यावर आम्ही चहाला थांबलो. मी धीर करून म्हटलं, "भाऊ, आजारी माणूस भीतीने काहीही बोलतो. त्याचं मनावर काय घ्यायचं? आणि वहिनींचा काय दोष?"

"तिचा नाही. तिनं खरं सांगतलं." त्याने चहा अर्धा ठेवला. "तुझं मशीन बंद पडलं आणि तू गेला की मालकाले आनंद होतो. मी कोणाच्या दारात गेलो तं माणसाले मरण आठवते. हे मले परक्यानं सांगतलं असतं तं चाललं असतं."

स्मृतिदिनाच्या दिवशी मी दुकानात होतो. कोणीतरी बोर्डाचा फोटो स्टेटसला टाकला होता. फोटो तोच, पण ज्याने छापला त्याने रुंदी ताणली होती. आकाशचा चेहरा रुंद झाला होता आणि रंग हळदीसारखा पिवळा पडला होता. भाऊने माझ्या हातातून मोबाइल घेतला. बोटांनी मोठा करून पाहिला. जबडा, कॉलर, डोळे. पूर्वी दुसऱ्याने केलेला परक्या माणसाचा बोर्ड असा दिसला तरी तो फोन करून सांगायचा की काढून ठेवा, मी दुसरा करून आणतो, घरच्यांना असं बघायला लावू नका.

"पार बिघडवला," तो म्हणाला.

"करायचा का दुसरा? तासाभरात होईल. मी नेऊन लावतो."

त्याने मोबाइल मला परत दिला. काउंटरपाशी एक बाई लेकराच्या पहिल्या वाढदिवसाचा बोर्ड सांगायला कधीची उभी होती. भाऊने खुर्ची पुढे ओढली आणि तिला विचारलं, "फोटो आणलाय का?"